सरोवरांच्या वाटेवरचं ओझं

गाडीने काश्मीरला जायचं म्हटलं की बहुतेक लोक जम्मूहून राष्ट्रीय महामार्ग धरतात. उधमपूर, रामबन, बनिहालचा बोगदा, आणि सगळं सुरळीत असेल तर संध्याकाळी श्रीनगर. पण आणखी एक रस्ता आहे. तो पश्चिमेकडून जातो. अखनूर, नौशेरा, राजौरी, थन्नामंडी, बफलियाज, मग पीर पंजालच्या रांगेवरची पीर की गली, पलीकडे शोपियान आणि शेवटी श्रीनगर. त्यातल्या बफलियाज ते शोपियान या ८४ किलोमीटरच्या डोंगरी तुकड्याला आज 'मुघल रोड' म्हणतात. खिंडीची उंची जवळपास साडेतीन हजार मीटर. हिवाळ्यात बर्फ पडला की हा रस्ता कित्येक महिने बंद असतो. लांबचा आहे, वळणांचा आहे, वाटेत मोठी हॉटेलं नाहीत. तरीही ज्याला डोंगर बघत बघत सरोवरांपर्यंत पोचायचं आहे, त्याने एकदा तरी याच वाटेने जावं असं मला वाटतं.

उन्हाळी सुट्टीत आम्ही काही शिक्षक कुटुंबं मिळून जायचा बेत करतो आहोत. "मॅडम, तुमचं उर्दू-फारसी जरा कामाला लावा आणि रस्ता आखून द्या," असं सहकाऱ्यांनी सांगितलं आणि वही माझ्याकडे आली. वहीत मुक्काम, अंतरं, खर्च लिहिता लिहिता इतिहासाची पुस्तकं उघडली गेली आणि बेताची वही भलतीकडेच भरली. हा लेख त्या वहीतूनच आला आहे.

सुरुवात शब्दांपासून करते, कारण मी भाषेची शिक्षिका आहे. आपण मराठीत प्रवासाचा बेत करतो तेव्हा कुठले शब्द वापरतो पाहा. सामान बांधायचं. अमुक वाजता रवाना व्हायचं. मजल दरमजल करत जायचं. मुक्काम कुठे ते ठरवायचं. स्टेशनवर हमाल करायचा. सामान आणि रवाना फारसीतून आलेले. मुक्काम आणि हमाल मूळ अरबी. 'मजल' म्हणजे 'मंजिल', एका दिवसात गाठायचा टप्पा, आणि 'मजल दरमजल' म्हणजे सरळसरळ 'मंजिल दर मंजिल'. राहुट्या, कनाती, शामियाने, फरास हे सगळं त्याच तळावरचं. बादशाही लष्करं दक्षिणेत शतकभर फिरली, मराठ्यांच्या फौजा उत्तरेत फिरल्या आणि प्रवासाची ही भाषा आपल्या घरात येऊन बसली. तेव्हा मुघल रस्त्याचा बेत करायला मराठी माणसाला वेगळा शब्दकोश लागत नाही.

आमच्या बेतात पहिला मुक्काम राजौरी आहे. जुन्या काळी ही वाट भिंबरपासून सुरू व्हायची. लाहोरकडून मैदान संपतं आणि डोंगर सुरू होतो ते भिंबर. आज ते नियंत्रणरेषेच्या पलीकडे आहे, त्यामुळे जुन्या वाटेचं तोंडच आपल्याला बंद आहे. आपण जम्मूकडून येतो आणि नौशेराच्या आसपास त्या जुन्या वाटेला मिळतो. नौशेरा आणि राजौरीच्या मध्ये चिंगस नावाचं ठिकाण आहे. तिथे मुघलकालीन सराई उभी आहे आणि आत एक कबर आहे. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना जहांगीर बादशहा याच वाटेवर वारला. मृतदेह लाहोरपर्यंत टिकावा म्हणून आतडी काढून इथे पुरली आणि बाकी देह लाहोरजवळ शाहदऱ्याला नेला, अशी परंपरा आहे. ज्या माणसाने आयुष्यभर काश्मीरवर जीव टाकला, त्याचा प्रवास अर्ध्या वाटेत असा संपला. 'चिंगस' हे नाव आतड्यांवरूनच पडलं असंही लोक सांगतात.

मात्र ही वाट मुघलांनी शोधलेली नाही. नाव त्यांचं लागलं, वाट फार जुनी आहे. बाराव्या शतकात कल्हणाने 'राजतरंगिणी' लिहिली. त्यात काश्मीरच्या घाटांवरच्या चौक्यांना 'द्वार' म्हटलं आहे आणि त्यांचा बंदोबस्त ठेवणारा 'द्वारपती' हा मोठा अधिकारी होता. कोण आत येतं, कोण बाहेर जातं यावर तिथून नजर असायची. पीर पंजाल या नावाचं मूळही संस्कृत ग्रंथांतल्या 'पांचालदेवा'त आहे असं अभ्यासक मानतात. देवाच्या जागी पुढे पीर आला, पण डोंगराचा मान तोच राहिला. याच डोंगरात हस्तिवंज नावाची जागा आहे. मिहिरकुल या हूण राजाची गोष्ट कल्हणाने सांगितली आहे. घाट चढताना त्याचा एक हत्ती कड्यावरून कोसळला. त्या हत्तीची किंकाळी राजाला इतकी आवडली की त्याने आणखी शंभर हत्ती मुद्दाम ढकलून दिले. गोष्ट खरी की दंतकथा, हा वाद बाजूला ठेवू. हत्ती या घाटात टिकत नाहीत, एवढं तरी ती सांगून जाते. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अकबराच्या सैन्याने १५८६ मध्ये काश्मीर घेतलं. १५८९ च्या उन्हाळ्यात बादशहा स्वतः तिकडे निघाला. निघण्याआधी रस्ता करणं आलं. हे काम कासिम खानाकडे होतं. आग्र्याच्या किल्ल्याचं बांधकाम पाहिलेला आणि काश्मीरच्या स्वारीचं नेतृत्व केलेला हा माणूस. अबुल फजल लिहितो की त्याच्याबरोबर तीन हजार पाथरवट आणि खडक फोडणारे, आणि दोन हजार बेलदार पाठवले होते. 'बेलदार' हा शब्द महाराष्ट्राला सांगायला नको. आपल्याकडे ती एक जात आहे, माती-दगडाचं काम करत गावोगाव फिरणारी. फारसीत 'बेल' म्हणजे फावडं. फावडंवाला तो बेलदार.

पाच हजार माणसं डोंगर फोडत पुढे गेली, तेव्हा कुठे बादशहाची स्वारी मागून आली. अकबर काश्मीरला तीनदा गेला. जहांगीर अनेकदा गेला. त्याच्या आत्मचरित्रात त्याचा एक हुकूम आहे: काश्मीरपासून डोंगराळ मुलूख संपेपर्यंत प्रत्येक मुक्कामावर बादशहा आणि जनाना यांच्यासाठी पक्की घरं बांधावीत, कारण थंडीत तंबूत राहवत नाही. शाहजहानच्या काळात सुभेदार अली मर्दान खानाने या वाटेवर सराया बांधल्या. आज मुघल रोडवरून जाताना अलियाबाद सराईचे जे दगड दिसतात ते त्या व्यवस्थेचे उरलेले अवशेष आहेत. आपण आज ऑनलाइन बुकिंग करतो, त्यांनी मुक्कामच बांधून घेतले.

या प्रवासाचं सगळ्यात बारीक वर्णन एका परक्या माणसाने केलं आहे. फ्रँस्वा बर्निए हा फ्रेंच डॉक्टर. तो औरंगजेबाच्या दरबारातल्या दानिशमंद खान या अमिराच्या पदरी होता आणि धन्याबरोबर काश्मीरला गेला. औरंगजेब मोठ्या आजारातून उठला होता. हवापालटासाठी ही स्वारी होती.

बर्निएने बेताची रचना सांगितली आहे. बादशहाच्या तंबूंचे दोन पूर्ण संच असायचे. एक संच एक दिवस आधी पुढच्या मुक्कामावर जाऊन उभा राहायचा. त्याला 'पेशखाना' म्हणत. बादशहा एका तंबूतून निघून थेट तयार असलेल्या दुसऱ्या तंबूत शिरायचा. एका संचाला साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल लागत. हे झालं मैदानात. भिंबरला आल्यावर उंट निकामी. पुढच्या वाटेवर उंट चालत नाही आणि हत्तीही फार थोडे नेता येतात. काश्मीरचं लहानसं राज्य एवढ्या लोकांना पोसू शकणार नाही म्हणून बहुतेक सैन्य भिंबरलाच थांबवलं. निवडक लोक टप्प्याटप्प्याने आत सोडले. मग सामानाचं काय? ते माणसांच्या पाठीवर गेलं.

बर्निएने ऐकलेला अंदाज तीस हजार हमालांचा आहे. त्यातले सहा हजार एकट्या बादशहाच्या सामानासाठी. आसपासच्या डोंगरी राजांनी आणि काश्मीरच्या सुभेदाराने ते जमवले होते, काही जण चार पैसे मिळतील म्हणून आपणहून आले होते. शंभर पौंड वजनामागे दहा क्राउन असा दर ठरला होता असं तो लिहितो. तीस हजार माणसं. हा आकडा अतिशयोक्त धरून निम्मा केला तरी पंधरा हजार उरतात. एका माणसाच्या हवापालटासाठी.

आणि मग घाटात तो अपघात झाला. जनान्यातल्या स्त्रिया हत्तींवर होत्या. चढावर पुढचा हत्ती बिचकला आणि मागे सरला. तो मागच्यावर आदळला, मागचा त्याच्या मागच्यावर. अरुंद वाटेवर वळायला जागा नव्हती. असे पंधरा हत्ती कड्यावरून खाली गेले. तीन-चार स्त्रिया मेल्या. हत्ती एकही वाचवता आला नाही. बर्निए दोन दिवसांनी तिथून गेला तेव्हा काही हत्तींची सोंड अजून हलत होती. मिहिरकुलाची गोष्ट वाचली होती तेव्हा मला ती दंतकथा वाटली होती. बर्निए वाचल्यावर तसं म्हणवत नाही. औरंगजेब त्यानंतर पुन्हा कधीही काश्मीरला गेला नाही.

इथे मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल असं एक वळण येतं. १६६३ च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांनी पुण्यात लाल महालावर छापा घातला आणि शाहिस्तेखानाची बोटं तुटली, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. ती बातमी औरंगजेबाला कुठे मिळाली? जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे की मे महिन्याच्या सुरुवातीला, काश्मीरच्या वाटेवर असताना. म्हणजे पुण्याच्या वाड्यात मामाची फजिती होत होती तेव्हा भाचा थंड हवेच्या शोधात उत्तरेकडे निघाला होता. त्याने शाहिस्तेखानाला बंगालला पाठवलं आणि आपण पुढे घाट चढला. हाच माणूस पुढे पाव शतक दख्खनेत तंबूत राहिला, १७०७ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला वारला आणि आमच्या मराठवाड्यात खुलदाबादला साध्या उघड्या कबरीत पुरला गेला. मराठी इतिहासात आपल्याला दख्खनचा औरंगजेब भेटतो. पीर पंजालवरचा, आजारातून उठलेला औरंगजेब त्याच पानाच्या मागच्या बाजूला आहे.

घाटमाथ्यावरची आणखी एक हकीकत बर्निएने दिली आहे. तिथे एक फार म्हातारा फकीर राहत होता. जहांगीरच्या काळापासून तो तिथे होता म्हणे. जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो खुणा करायचा: आवाज करू नका, लवकर पुढे व्हा, आवाजाने वादळ उठतं. शाहजहानने त्याचं ऐकलं, औरंगजेबानेही ऐकलं. जहांगीरने मात्र हसून नगारे आणि कर्णे वाजवायला लावले आणि तो वादळातून कसाबसा वाचला, असं त्या फकिराचं म्हणणं. आज पीर की गलीला दर्गा आहे, गाड्या थांबतात, लोक फातिहा पढतात, चहा पितात. आमच्या वहीत या मुक्कामापुढे मी एकच ओळ लिहिली आहे: इथे हॉर्न वाजवायचा नाही.

खिंड ओलांडली की उतार. अलियाबाद सराई, हिरपूरचं जंगल आणि शोपियानची सफरचंदाची बागायत. हिरपूरचं अभयारण्य मारखोर या दुर्मीळ रानबकऱ्याचं घर आहे. तिथून श्रीनगर दीड-दोन तासांवर. इथून सरोवरं सुरू होतात.

दल सरोवराभोवती गाडीने फिरणं हा काश्मीरच्या प्रत्येक सहलीचा पहिला कार्यक्रम असतो. बुलेव्हार्ड रस्त्यावरून निघालं की चश्मे शाही, निशात, शालिमार एकामागून एक येतात. शालिमार जहांगीरचं, निशात त्याचा मेहुणा आसफ खान याचं. शालिमारला जहांगीर रस्त्याने जात नसे, सरोवरातून कालव्याने नावेत बसून जात असे. पलीकडच्या काठावर नसीम बाग आहे, अकबराच्या नावाने ओळखली जाते. तिथले चिनार आज काश्मीर विद्यापीठाच्या आवारात उभे आहेत. जवळच हजरतबल. एवढं सगळे बघतात. मी आमच्या वहीत आणखी दोन जागा घातल्या आहेत. तिथे फोटोसाठी रांग लागत नाही.

पहिली जागा हरी पर्वताच्या पायथ्याचा काठी दरवाजा. अकबराने १५९० च्या दशकाच्या अखेरीस इथे नगर-नगर नावाची तटबंदी बांधली. दरवाजावर फारसी शिलालेख आहे. त्याचा आशय असा: हिंदुस्थानातून १ कोटी १० लाख दाम पाठवले, दोनशे कसबी कारागीर पाठवले, आणि इथे कुणालाही बेगारीला लावलं नाही, सगळ्यांना खजिन्यातून पैसे मिळाले. वाचून बरं वाटतं. पण दगडावर अशी गोष्ट कोण कोरतो? ज्या मुलुखात बेगार रोजचीच असते, तिथेच 'आम्ही बेगार घेतली नाही' ही कोरून ठेवण्यासारखी बातमी होते.

दुसरी जागा श्रीनगरची जामा मशीद. सुलतान सिकंदरने ती १३९४ च्या सुमारास बांधायला घेतली. देवदाराच्या पावणेचारशे खांबांवर ती उभी आहे. तिच्या दरवाजावर शाहजहानचा एक फर्मान दगडात कोरलेला आहे. त्यात सुभेदार एतकाद खानाच्या काळातले जुलूम एकेक करून बंद केले आहेत. केशर वेचायला लोकांना धरून न्यायचे आणि मजुरी म्हणून थोडं मीठ द्यायचे. ते बंद, यापुढे रोख मजुरी. सरोवरावरच्या नावाड्यांवर कर होता. पूर्वी तरुणाकडून ६० दाम, मुलाकडून ३६, म्हाताऱ्याकडून १२. एतकाद खानाने तरुण, म्हातारा, मूल सगळ्यांना सरसकट ७५ दाम लावले. ते रद्द, पुन्हा जुना दर. दलवर शिकाऱ्यात बसलात की हे आकडे आठवा. वल्ही मारणारे हांजी त्याच नावाड्यांच्या समाजाचे. ज्या पाण्यावर बादशहा चांदण्यात फिरत होता, त्याच पाण्यावर एका पोरासाठी ७५ दाम भरावे लागत होते.

बेगार मुघलांनी आणली का? नाही. कल्हण सांगतो की नवव्या शतकाच्या अखेरीस राज्य करणाऱ्या शंकरवर्मन राजाने गावकऱ्यांकडून सक्तीने ओझी वाहून घेण्याची पद्धतच बसवली. जो गावकरी पाळीला आला नाही त्याच्याकडून ओझ्याची किंमत वसूल व्हायची, तीही चढ्या भावाने. म्हणजे सुलतानांच्या आधी, मुघलांच्या आधी, हिंदू राजाच्या काळातही ओझं होतंच. यामागे भूगोल आहे. आत खोऱ्यात झेलम आणि सरोवरं आहेत, तिथे नाव चालते. पण खोऱ्याच्या बाहेर जायचं तर डोंगर, आणि डोंगरावर चाक चालत नव्हतं. बैलगाडी जाईल असा रस्ता झेलमच्या काठाने बारामुल्लापर्यंत आला तो १८९० च्या सुमारास. तोवर राज्य कुणाचंही असो, मीठ आत आणायचं, शाल बाहेर न्यायची, फौज हलवायची, राजाने हवा बदलायची, तर पाठ लागायची माणसाची.

आपला शब्दच पाहा. 'वेठबिगार'. 'वेठ' हा संस्कृत 'विष्टी'चा वंशज, म्हणजे राजाने फुकट करून घ्यायचं काम. 'बिगार' हे फारसी 'बेगार', अर्थ तोच. दोन राजवटींच्या दोन शब्दांनी एकच जुलूम सांगायचा आणि मराठी माणसाने दोन्ही शब्द एकापुढे एक ठेवून जोडशब्द करायचा. संस्कृत आणि फारसी यांचं पटत नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी या शब्दाकडे बघावं. राबवून घेण्याच्या बाबतीत त्यांचं उत्तम पटत होतं.

हे सगळं मी एवढं लांबवून का सांगते आहे? 'मुघल रोड' असं म्हटल्याबरोबर माझ्याकडून दोनांपैकी एका गोष्टीची अपेक्षा केली जाते. काहींना वाटतं मी मुसलमान, उर्दू शिकवणारी, म्हणजे मी बागा आणि सरायांचे गोडवे गाणार. काहींना वाटतं मी स्वतःहून त्यांची निंदा करून आपली निष्ठा सिद्ध करावी. शाळेतली मुलंही विचारतात, "मॅडम, मुघल चांगले होते की वाईट?" हा प्रश्न परीक्षेत गुण मिळवायला सोयीचा असेल, रस्त्यावर तो उपयोगाचा नाही. माझे पूर्वज त्या पालखीत नव्हते. मराठी मुसलमानांपैकी बहुतेकांचे नव्हते. आमच्यात बागवान आहेत, मोमीन आहेत, पिंजारी आहेत, खाटीक आहेत, आतार आहेत. त्या काळी आम्ही तिथे असतो तर बादशहाच्या तंबूत नसतो, तंबूच्या बांबूखाली असतो. आणि माझ्या सहलीतल्या बाकीच्या शिक्षकांचे पूर्वजही तिथेच असते. म्हणून या रस्त्यावर आम्हा सगळ्यांचा वारसा एकच निघतो: ओझं वाहणाऱ्यांचा. शालिमारचं सौंदर्य मी नाकारत नाही. त्या बागेचा पाण्याचा उतार ज्याने मापला तो मोठा कसबी होता. फक्त इतिहास बागेच्या दरवाजातून सुरू करायचा की घाटातून, एवढं ठरवायचं असतं. मी घाटातून सुरू करते.

बेताचा शेवटचा भाग श्रीनगरच्या उत्तरेला आहे. साधारण तीस किलोमीटरवर मानसबल. लहान, खोल आणि शांत सरोवर. उन्हाळ्यात कमळं. काठावर एक छोटं जुनं दगडी मंदिर अर्धं पाण्यात आहे आणि वरच्या बाजूला नूरजहानच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बागेचे अवशेष. दोन्ही एकाच नजरेत मावतात. तिथून पुढे रस्ता वुलरच्या काठाला लागतो. वुलर म्हणजे गोड्या पाण्याच्या भारतातल्या सगळ्यात मोठ्या सरोवरांपैकी एक. झेलम एका बाजूने आत शिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनने या पाण्यात जैना लंक नावाचं बेट बांधून घेतलं. दुपारनंतर वुलरवर वारा उठतो आणि नावा उलटतात, त्यांना मध्येच आसरा मिळावा म्हणून. काश्मिरी लोक या सुलतानाला 'बडशाह' म्हणतात. गाळ साचून बेट आता काठाच्या जमिनीला जवळजवळ मिळालं आहे. बायका-पुरुष अजूनही सरोवरातून शिंगाडे काढतात.

वुलरच्या काठी बांदीपोरा आहे आणि आमचा प्रवास तिथे संपतो. तिथूनच दुसरा एक प्रवास सुरू व्हायचा. १८८९ मध्ये इंग्रजांनी गिलगिट एजन्सी पुन्हा उभी केली आणि त्या सीमेवरच्या फौजेला धान्य पोचवण्यासाठी बांदीपोऱ्याहून ओझी जाऊ लागली. वर त्रागबलची खिंड, पुढे बुर्झिल, पुढे गिलगिट. डोग्रा महाराजांचं राज्य, सल्ला इंग्रजांचा, पाठ काश्मिरी शेतकऱ्याची. बर्फात किती माणसं परत आली नाहीत याच्या कहाण्या तिथे घराघरात होत्या. वॉल्टर लॉरेन्स या जमाबंदी अधिकाऱ्याने १८९५ च्या 'द व्हॅली ऑफ काश्मीर' या पुस्तकात बेगारीवर लिहिलं आहे. ज्याच्याकडे पैसा किंवा वरपर्यंत ओळख, तो सुटायचा. उरलेला जायचा. त्याच्या जमाबंदीनंतर हा जाच बराच कमी झाला. शंकरवर्मनपासून लॉरेन्सपर्यंत हजार वर्षं होतात. हजार वर्षांत धर्म बदलले, भाषा बदलल्या, दरबार बदलले. ओझं फार उशिरा उतरलं.

आता ज्यांना खरंच जायचं आहे त्यांच्यासाठी वहीतलं थोडं. जून ते ऑक्टोबर हा बरा काळ, पण निघण्याआधी रस्ता उघडा आहे का आणि प्रशासनाच्या सूचना काय आहेत हे बघूनच निघा. राजौरीला मुक्काम करून पहाटे निघालात तर दुपारी खिंडीत पोचता येतं. बेहरामगल्ल्याजवळ नूरी छंब धबधब्यापाशी थांबा. नूरजहानच्या नावाशी तो जोडलेला आहे. सोबत ओळखपत्रं आणि गरम कपडे ठेवा, जूनमध्येही. वसंतात आणि शरदात गुज्जर-बकरवालांचे कळप याच रस्त्याने वर-खाली जातात. हजारो मेंढ्या, घोड्यांवर संसार, घोड्यावर बांधलेली लहान पोरं. तेव्हा गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. त्यांची वाट आपल्या डांबराच्या आधीची आहे.

आणि मजुरी. घोडेवाला, शिकारेवाला, सामान उचलणारा पोरगा, यांच्याशी दर आधी ठरवा आणि ठरला तेवढा पूर्ण द्या, सोडताना पन्नास रुपये कापू नका. दरपत्रक कुठे लावलेलं असेल तर ते वाचा. आमच्या खर्चाच्या पानावर डिझेल आणि खोल्यांच्या वर मी ही नोंद पहिली घेतली आहे.